भ्यालेल्यांचा भाव

स्वागताध्यक्ष, व्यासपीठावरचे पाळकसाहेब आणि फादर, वसईहून रात्रभर प्रवास करून आलेली मंडळी, नगर-जालना-सोलापूरकडची माझी माणसं, आणि मागच्या दाराशी उभं राहून 'बाई किती वेळ घेणार' म्हणून घड्याळाकडे बघणारे कार्यकर्ते, सर्वांना सलाम.

वेळ घेणार आहे. आधीच सांगून ठेवते. आपल्याकडे अध्यक्षाला दोन दिवस हार मिळतात आणि एक तास माईक मिळतो. तिसऱ्या दिवशी त्याला 'माजी' म्हणतात आणि चहासाठी स्वतःचा कप स्वतः शोधायला लावतात. तेव्हा हा तास मी कोणालाही उसना देणार नाही.

माझ्या निवडीवरून काय काय झालं ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून सांगत बसत नाही. माझ्याविरुद्ध पत्रक कोणी काढलं, ते कोणाच्या छापखान्यातून निघालं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. त्या पत्रकातल्या शुद्धलेखनाच्या चौदा चुका लाल शाईने सुधारून मी ते ज्याचं त्याला परत पाठवलं आहे. विषय संपला.

आता या ख्रिस्ती साहित्य मेळाव्याच्या विषयाकडे येते. समितीने विषय ठरवला: 'भय, संकट आणि देवावरचा विश्वास'. बाई विधवा आहेत, निवृत्त आहेत, दोन वचनं सांगतील, डोळे पुसतील आणि जेवायला सोडतील, असा समितीचा हिशेब असावा. पण या विषयातच माझं जुनं दुखणं आहे. मी समितीला लेखी कळवलेला शब्द 'भाव' होता. कार्यक्रमपत्रिका छापून आली तेव्हा त्याचा 'विश्वास' झाला होता. माझ्या बाबतीत हे सत्तावीस वर्षांत दुसऱ्यांदा घडतं आहे.

पहिल्या वेळेची हकिकत सांगते. जुन्या लोकांना माहीत आहे. त्यांनी पुन्हा ऐकावी.

१९९८ साली मी एका ख्रिस्ती मासिकाला लेख पाठवला. मासिक कोणतं, संपादक कोण, ते सांगणार नाही. ज्ञानोदय नव्हे, एवढं मात्र सांगते. १८४२ साली नगरात निघालेल्या त्या पत्राच्या अंगावर माझ्यामुळे शिंतोडे नकोत. लेखाचं नाव होतं 'आईचा भाव'. छापून आलं 'आईचा विश्वास'. आत सोळा ठिकाणी 'भाव' होता, सोळाही ठिकाणी 'विश्वास' झाला. त्यातला एक भाव बाजारातला होता. तोही सुटला नाही. 'त्या साली ज्वारीचा विश्वास गगनाला भिडला' असं वाक्य आज माझ्या नावावर छापील आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी ते वर्गात वाचून दाखवलं. मी संपादकांना सात पत्रं लिहिली. सातव्या पत्राला एक कार्ड आलं. त्यावर एकच शब्द: 'जागेअभावी'.

माझा भाव काढला आणि कारण दिलं अभावाचं! त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर संपादकांच्या पुतण्याच्या लग्नाचा पाव पान फोटो होता. जागा होती. वरमायांना होती.

तुम्ही हसलात. हसा. पण सत्तावीस वर्षं एका शब्दाचा राग धरणारी बाई वेडी असेल, तर तिला अध्यक्ष करणारे कोण?

शब्दाचं महत्त्व सांगते. विश्वास बँकेवर ठेवता येतो. बँक बुडाली की विश्वासही बुडतो आणि आपण ग्राहक आयोगाकडे जातो. भरवशाचं तर विचारूच नका. भरवशाच्या म्हशीला काय झालं ते मराठीतल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. भाव निराळा. आपल्या देवळांत वाचल्या जाणाऱ्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात, परमेश्वरावर ठेवायचा आहे तो भाव. हा शब्द मिशनऱ्यांनी बोटीतून आणला नाही. तो इथल्या मातीतला, वारीच्या वाटेवरचा. नारायण वामन टिळक म्हणत की ते ख्रिस्ताकडे आले ते तुकोबांच्या पुलावरून. त्या पुलाची पहिली फळी म्हणजे भाव. ती काढून तिथे सिमेंट ओतणाऱ्यांना विचारायचं आहे: टिळक आज आले तर पाय कुठे ठेवतील?

विश्वास म्हटला की डोक्यात हिशेब चालू होतो. एवढी प्रार्थना, एवढा उपास, एवढा दशांश, तेव्हा एवढं फळ. भाव ठेवलेल्या माणसाला फळ दिसत नसतं. तो भ्यालेला असतो. त्याची तक्रार असते. कधी त्याची बोलाचालीही बंद असते. तरी तो दार सोडून जात नाही. न भ्यालेल्याला भावाची गरजच काय? छप्पन्नाव्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता 'मी भिणार नाही' म्हणतो, पण ते नंतर. भीती वाटेल त्याच वेळी देवाला धरून राहीन, असं तो आधी म्हणतो. आधी भय कबूल, मग भाव. आपण त्यातला पहिला अर्धा भाग कापला आणि दुसरा अर्धा फ्रेम करून दिवाणखान्यात लावला.

शब्द बदलला ते मी सोसलं असतं. खोटं बोलते, सोसलं नसतं. पण खरं दुखणं पुढे आहे. लेखाचा शेवटचा परिच्छेदच कापला होता. त्याजागी दोन ओळी आल्या: पाऊस पडला, घरात आनंदी आनंद झाला, प्रभूची स्तुती असो. त्या परिच्छेदात काय होतं ते शेवटी वाचते. कागद पर्समध्ये आहे. सत्तावीस वर्षांत चार पर्स बदलल्या, कागद तोच आहे.

त्या कात्रीचं नाव आहे 'साक्षीचा साचा'. तो तुम्हाला पाठ आहे. आजार आला, डॉक्टरांनी हात टेकले, पाळकांनी हात ठेवले, रिपोर्ट नॉर्मल आला, हालेलुया. यातला एकेक प्रसंग खरा असेल, मी नाकारत नाही. पण ज्याचा रिपोर्ट नॉर्मल आला नाही त्याने साक्ष कुठे द्यायची? त्याला माईक मिळतो का? त्याला मिळते ती शेवटच्या रांगेतली खुर्ची आणि पाठीवर हलकी थाप: 'ताई, कुठेतरी विश्वास कमी पडला असेल.' माझे यजमान २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. ही थाप मी बारा जणांकडून खाल्ली आहे. त्यांतले तिघे आज पहिल्या रांगेत आहेत. नावं घेत नाही, कारण दुपारच्या जेवणात त्यांच्याच शेजारी माझं ताट आहे.

कोरोनाच्या त्या दिवसांत मोबाईलवर एक निरोप फिरत होता: स्तोत्र ९१ दारावर चिकटवा, रोग आत येणार नाही. आमच्या कंपाउंडात घरोघर चिकटवलं. रोग दारावरचं वाचत बसला नाही. पुढे ज्या घरी माणूस गेला त्या घराकडे लोक असं बघू लागले, जणू त्यांचा डिंक कमी पडला. माझा साधा प्रश्न आहे. त्या स्तोत्राचा दाखला देऊन 'घे उडी, तुला काही होणार नाही' असं शास्त्रात कोण म्हणालं? मत्तयाचा चौथा अध्याय काढा. मंदिराच्या शिखरावर प्रभूच्या कानाशी ते स्तोत्र सांगणारा सैतान होता. प्रभूने उडी मारली नाही. स्तोत्र खोटं म्हणून नव्हे, तर देवाची परीक्षा घेणं आणि देवावर भाव ठेवणं ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत म्हणून. आमच्या की-बोर्डवाल्या बंधूंनी हा अध्याय जरा सावकाश वाचावा. मागे संगीत न वाजवता.

देवाने शास्त्राचं काम एखाद्या आजच्या संपादकाला दिलं असतं तर काय उरलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते. ईयोबाच्या पुस्तकातला मधला सगळा भाग गेला असता. पहिला अध्याय आणि शेवटची मेंढरं-उंटांची यादी राहिली असती. विलापगीत तर अनुक्रमणिकेतच दिसलं नसतं. दीडशे स्तोत्रांतली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेली असती, कारण ती गाऱ्हाण्याची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर पहिल्यांदा गेलं असतं. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. शेवटी ना पाऊस, ना आनंदी आनंद. तरीही ते स्तोत्र आहे, प्रार्थना आहे, आणि शास्त्राने ते आपल्या पोटात ठेवलं आहे. का ठेवलं? अंधारात हाक मारणाऱ्याने हाक मारणं थांबवलेलं नाही म्हणून. ज्याचा भाव उडाला तो गाऱ्हाणं करत नाही. तो उठून जातो.

ईयोबाचे मित्र आठवतात? सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढे सात दिवस ते चांगले मित्र होते. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं नासलं. देवाची बाजू घेऊन त्यांनी दुःखी माणसाला झोडपलं. शेवटच्या अध्यायात देवाचा राग कोणावर आहे? देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही. देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर आहे. नीट बोलला तो ईयोब, असा तिथला निवाडा आहे. शोकसभांचे व्यावसायिक वक्ते इथे बरेच आहेत. त्यांनी हा निवाडा वहीत उतरवून घ्यावा.

मार्काच्या शुभवर्तमानातलं वादळ घ्या. नावेत पाणी शिरलं आहे, आणि प्रभू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला आहे. शिष्य त्याला उठवतात ते स्तुतिगीत गाऊन नव्हे. आम्ही बुडतो आहोत, तुला काहीच वाटत नाही का, असा थेट आरोप करतात. हा भीतीचा आरडाओरडा आहे, आणि तीच प्रार्थना आहे, कारण ती योग्य माणसाकडे केली आहे. पुढचा क्रम बघा. मार्क म्हणतो, आधी वादळ शांत केलं, मग शिष्यांना बोलला. आपले उपदेशक आधी बोलतात. वादळ शांत करणं त्यांच्या हाती नसतं, म्हणून ते पुढेही बोलतच राहतात.

आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची गेथशेमाने बाग. ज्याच्यावर आपण सगळा भाव ठेवतो, तोच त्या रात्री भ्याला. हा प्याला टळू दे म्हणून त्याने तीनदा विनवलं. लूक लिहितो की त्याचा घाम रक्तासारखा गळत होता. मित्र झोपलेले. साच्यातली साक्ष मागणाऱ्यांना विचारा, या रात्रीचा रिपोर्ट नॉर्मल आला का?

आता आपल्या घरातल्या माणसांकडे या. मराठी ख्रिस्ती साहित्याची थोरवी सांगायची झाली की आपण १६१६ सालचं ख्रिस्तपुराण, राचोल आणि फादर स्टीफन्स येथून सुरुवात करतो, बाबा पद्मनजींच्या यमुनापर्यटनावर पाणी पितो आणि टिळकांपाशी मुक्काम करतो. आमच्या वक्त्यांची ही एस.टी. ठराविक थांब्यांवरच थांबते. मला आज दोन बायकांपाशी उतरायचं आहे.

पंडिता रमाबाई. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण, सगळी काही महिन्यांत गेली. रमाबाई आणि भाऊ, दोघं उरली. पायी भटकताना झेलम नदीच्या काठी थंडीत त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत निजली आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. जिने जिवंतपणी थडग्यात रात्र काढली, तिला भीती म्हणजे काय हे कोणी शिकवायचं? पुढे १८९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आली. अमेरिकेतल्या मित्रांनी मदतीची हमी दिली होती ती दहा वर्षांची. ती मुदत १८९८ मध्ये संपत होती. पुढच्या वर्षाच्या पिठाची सोय नसताना तिने पोरी आणल्या. त्याला भाव म्हणतात.

पण आमचे लोक इथेच थांबतात आणि डोळे मिटून 'किती हा विश्वास' म्हणतात. पुढचं सांगत नाहीत. त्याच १८९७ साली पुण्यात प्लेगची व्यवस्था चालू असताना, रुग्णालयात आणि छावणीत बायकामुलींचे काय हाल होतात, यावर रमाबाईंनी बॉम्बे गार्डियनमध्ये जाहीर पत्र लिहिलं. सरकारने ते नाकारलं. राज्य ख्रिस्ती, गव्हर्नर ख्रिस्ती, मदत देणारे ख्रिस्ती. रमाबाईंनी 'प्रभूवर सोडून देऊ या' असं म्हटलं नाही. ज्याच्यावर भाव असतो त्याच्याकडे गाऱ्हाणं नेता येतं, आणि देवाकडे गाऱ्हाणं न्यायची ज्याला सवय असते त्याला गव्हर्नरची भीती वाटत नाही. आमच्या काही संस्थाचालकांना कलेक्टरच्या शिपायाची वाटते. जमिनींचे सातबारे कोणाच्या नावावर गेले ते मी आज विचारत नाही. विचारणारे कोर्टात विचारत आहेत.

म्हातारपणी तिने हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून शास्त्राचं भाषांतर केलं. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. केडगावच्या तिच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मधल्या आठ-नऊ महिन्यांत ती म्हातारी मुद्रितं तपासत होती. तिच्या साक्षीचा शेवट साच्यात कसा बसवणार? मुलगी बरी झाली नाही. काम मात्र पुरं झालं.

दुसरी बाई लक्ष्मीबाई टिळक. सोवळ्याच्या धाकात वाढलेली पोर, नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा जग उलटंपालटं झालेली बायको, आणि पुढे स्मृतिचित्रं लिहिणारी लेखिका. ते पुस्तक मराठीने डोक्यावर घेतलं ते कशामुळे? बाईंनी एकही भीती लपवली नाही म्हणून. विटाळाची भीती, लोकांची भीती, रिकाम्या डब्यांची भीती, सगळी मांडली आणि वर स्वतःला हसल्या. ख्रिस्तायन टिळकांच्या हातून अपुरं राहिलं, ते बाईंनी पुरं केलं. आमच्या साच्यातल्या संपादकाकडे स्मृतिचित्रं गेलं असतं तर त्यातला विनोद 'अध्यात्माला बाधक' म्हणून गेला असता, भीती 'कमकुवत विश्वास' म्हणून गेली असती, आणि उरली असती बाप्तिस्म्याची तारीख.

वसईकरांनो, तुम्ही हसू नका, तुमच्याकडेही फार वेगळं नाही. पण फादर दिब्रिटो तुमचे, म्हणून तुम्हाला सोडते. २०२० च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं तेव्हा विरोध झाला, शरीर साथ देत नव्हतं, तरी ते गेले आणि शांतपणे बोलून आले.

स्वागताध्यक्षांनाही सोडते. त्यांनी स्वतः अशा साच्यातल्या साक्षींची तीन पुस्तकं छापली आहेत. पण ते माझे चाळीस वर्षांचे मित्र आहेत, आणि त्यांनी आज पुरणपोळी ठेवली आहे.

आता माझं खूळ. ते नसेल तर ही बाई अध्यक्ष झाली यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. बघा, इथे विश्वासच बसतो, भाव नव्हे. शब्द जागच्या जागी असावेत एवढंच माझं म्हणणं.

मंडळ्यांच्या जुन्या वह्या. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, दफनाच्या. चर्चच्या कपाटात, वेदीमागच्या पेटीत, पाळकसाहेबांच्या पडवीत त्या पडून आहेत. वाळवीने निम्म्या खाल्ल्या. बाकीच्या रंगरंगोटीच्या वेळी रद्दीत गेल्या. लाख-दोन लाखांची साउंड सिस्टम आणणाऱ्या मंडळीला एक लोखंडी कपाट परवडत नाही. आपल्या लोकांनी प्लेग कसा काढला, १९१८ ची साथ कशी काढली, दुष्काळ कसे काढले, हे त्या वह्यांत आहे. नाव, वय, गाव, कारण, आणि शेवटी एक अरुंद रकाना: शेरा. आपलं खरं साहित्य त्या शेऱ्यात आहे. ठराव क्रमांक चार त्याबद्दल आहे. तो गेल्या वेळी वेळेअभावी मागे पडला. या घरात अभाव फार.

गेल्या वर्षी मी माझ्या गावी गेले आणि १९७२ ची दफनाची वही काढली. तिथे मी काय शोधत होते, ते सांगते.

बहात्तरचा दुष्काळ तरुणांनी पुस्तकात वाचला असेल. मी तेव्हा अकरा वर्षांची. वडील गावोगाव फिरणारे सुवार्तिक. पगार महिन्याचा महिन्याला येईल असं नव्हतं. आई दुष्काळी कामावर पाझर तलावाला खडी फोडायला जायची. मी बरोबर. बाभळीला झोळी बांधून धाकट्या भावाला त्यात घालायचं आणि हलवत बसायचं, हे माझं काम. बाळू दोन वर्षांचा. मुलांना सुकडी मिळायची. घरी अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची, तव्यावर तुटायची, घशातही तुटायची. मुकादम हजेरी घ्यायचा तेव्हा आमच्या आळीची नावं शेवटी पुकारायचा आणि वर म्हणायचा, 'तुम्हाला काय, तुमचा देव गोऱ्यांचा, धान्य बोटीनं येतंय.'

हे बोलणं नवं नाही. 'पोटासाठी बाटले' हे आम्ही चार पिढ्या ऐकतो आहोत. बाहेरचे बोलतात त्याचं एवढं नाही. आपल्यातलेही काही शहरी, सुशिक्षित बंधू खासगीत 'दुष्काळी ख्रिस्ती' म्हणतात. त्यांना एकच सांगते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे. ती प्रार्थना दर रविवारी म्हणताना तुम्हाला लाज वाटत नाही, मग माझ्या पणजीने भुकेच्या वेळी देवाचं दार ठोठावलं याची लाज का वाटते? भरल्या पोटी आलेला भाव तेवढा चोख, असं शास्त्रात कुठे लिहिलं आहे? आणि सरकारदरबारीही तेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून आम्ही दलित ख्रिस्ती बाहेर राहिलो. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध आले. आम्ही अजून उंबऱ्यावर. प्रार्थनासभेत यावर बोललं की म्हणतात, 'राजकारण नको ताई, देवावर सोपवा.' रमाबाईंनी काय केलं ते मघाशी सांगितलं.

त्या डिसेंबरात बाळूला हगवण लागली. तीन दिवसांत तो गेला. वहीत त्याची नोंद सापडली. पूर्ण नाव, वय दोन, कारण हगवण. शेऱ्याच्या रकान्यात तेव्हाच्या पाळकांच्या वळणदार अक्षरात चार शब्द: 'दफनास आई हजर नाही.'

ते पाळकसाहेब केव्हाच गेले. त्यांनी त्यात उपदेश घातला नाही, 'विश्वासात कमी' असंही लिहिलं नाही. दिसलं तेवढं लिहिलं. इतका सच्चा मराठी लेखक मी पुन्हा पाहिला नाही. आणि त्याच चार शब्दांची दुसरी बाजू सांगणारा माझा परिच्छेद १९९८ साली जागेअभावी कापला गेला.

आता तो वाचते. पर्स द्या कोणीतरी.

"बाळूला पुरलं त्या दिवशी आई घरातून बाहेर आली नाही. चुलीपुढे बसून राहिली. पुढचे चार रविवार ती देवळात गेली नाही. कामाला जात होती, खडी फोडत होती, आम्हाला वाढत होती. फक्त रात्री वडील प्रार्थनेला बसले की ती भिंतीकडे तोंड करायची. चौथ्या रविवारी पाळकसाहेब घरी आले. समजूत घालू लागले. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'त्याच्याशी माझं बोलणं बंद हाय, साहेब. पर भांडण मिटंस्तवर म्या दुसऱ्याच्या दारी जायाची न्हाई.' पाळकसाहेब काही बोलले नाहीत. त्यांनी चहा मागितला. घरात साखर नव्हती. आईने बिनसाखरेचा केला आणि ते तो सगळा प्याले. पाचव्या रविवारी आई देवळात गेली. का गेली, ते तिने कधी सांगितलं नाही."

एवढाच परिच्छेद. अर्ध्या पानाचाही नाही.

आई पुढे एकोणतीस वर्षं जगली. लेख छापून आला तेव्हा मी तिला वाचून दाखवला. शेवटच्या दोन ओळींवर, आनंदी आनंदावर, तिने विचारलं, 'हे कोनाच्या घरातलं गं?' मला उत्तर देता आलं नाही. आज तिच्या वतीने देते: कोणाच्याच घरातलं नाही. असं घर पंचक्रोशीत नव्हतं.

लिहिणाऱ्या पोरांनो, भ्यालात तर भ्यालो म्हणून लिहा. देवाशी बोलाचाली बंद असेल तर तसं लिहा. पाऊस पडला नसेल तर पाडू नका.

हे भाषण तुम्ही स्मरणिकेत छापणार आहात. छापा. जागेअभावी काही कापायची वेळ आलीच, तर माझा हारातला फोटो कापा.